वडील खोडाळ्याच्या बाजाराला गेले आहेत

माझे वडील एकदाच वारले. एवढी साधी गोष्ट मुद्दाम सांगायची गरज पडू नये, पण आमच्या घराच्या बाबतीत ती पडते. त्यांच्या नावानं आम्ही इतक्या वेळा आंघोळी केल्या, की वाटेवरून जाणाऱ्याला या घरात पटकी शिरली आहे असं वाटावं.

ते खरोखर गेले तेव्हा मी जव्हारला होतो, संस्थानच्या शाळेत मास्तर. पोशेऱ्याहून आमच्याच पाड्यावरचा एक माणूस निरोप घेऊन आला, की बापूस आजारी आहे, निघून ये. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती. मी म्हटलं, तपासणी उरकतो आणि येतो. तपासणी उत्तम झाली. मी घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपून मंडळींच्या अंगावरचे ओले कपडे वाळतही आले होते. आमच्याकडे घरातलं माणूस गेल्याचं कानावर आलं, की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतात. मग ते माणूस डोळ्यांसमोर गेलेलं असो की लांब कुठं. ती आंघोळ मी एकट्यानं केली. आईनं माझ्या हातात तांब्या दिला. कुठं होतास, असं तिनं विचारलं नाही. पुढंही कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. ज्या घरात बोलणं कमी असतं तिथं असे विषय कणगीखालच्या दगडासारखे जागच्या जागी राहतात. कणगी हलवायची वेळ येईपर्यंत कुणाच्या पायाला लागत नाहीत.

नंतर मी खटपट करून पोशेऱ्याजवळच्या शाळेत बदली करून घेतली. लोक म्हणाले, आईसाठी आला. मी तसं म्हणू दिलं.

आईचं बिघडायला लागलेलं आम्हाला उशिरा कळलं, कारण ती मुळातच कमी बोलायची. नागली दळून संपली तरी ती जातं फिरवत राहायची. रिकाम्या जात्याचा आवाज वेगळा येतो, दगडावर दगड घासल्याचा. माझी बायको म्हणायची, "आत्या, दाणं संपलं." आई म्हणायची, "मग टाक की." भाकरी ती आढ्यात खोचून ठेवायला लागली. त्यामुळे उंदीर आढ्यात राहायला गेले आणि कणगीचं नुकसान जरा कमी झालं. भगताला बोलावलं. त्यानं सुपात तांदूळ मांडून पाहिले आणि हिला वारं लागलंय म्हणून सांगितलं. त्याला कोंबडी दिली. आईत फरक पडला नाही. भगत मात्र त्या पावसाळ्यात चांगला भरला. जव्हारच्या डॉक्टरांनी तिचं वय विचारलं. मला ते सांगता येईना. ते म्हणाले, मग म्हातारपणच असेल.

एक दिवस जेवायला बसलो तर आईनं पान एक जास्त मांडलं.

"हे कुणाचं, आये?"

"तुझ्या बापसाचं. कुठं गेलाय तो?"

शाळेत मी पोरांकडून 'नेहमी खरे बोलावे' हे पाटीवर गिरवून घेत असे. अक्षर वळणदार यावं म्हणून ते वाक्य चांगलं आहे. तेव्हा मी तिला सांगितलं, "आये, बाबा गेले. लई दिवस झाले."

यातलं पहिलं तिनं ऐकलं, दुसरं ऐकलं नाही. ती समोरच्या पानाकडे पाहत राहिली. मग उठली, पडवीत गेली आणि गार पाण्याची कळशी डोक्यावर ओतून घेतली. ओल्या लुगड्यानं आत येऊन तिनं चुलीतली लाकडं ओढली आणि आम्हाला म्हणाली, "बसलाव काय? उठा. पाणी घ्या." बायको माझ्याकडे पाहायला लागली. आम्ही उठलो आणि पाणी घेतलं. भात चुलीवर अर्धा शिजलेला राहिला.

घरात कुणी गेलं तर चूल पेटवायची नाही, भावकीतून येईल ती भाकर खायची. आईनं कुंपणाशी उभं राहून हाक मारली, म्हणून शेजारून काकांच्या घरून भाकऱ्या आल्या. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. टोपली ठेवून ते माझ्या कानाशी म्हणाले, "दादा आज गेला म्हणतोस? मग मागं मी खांदा दिला तो कुणाला?"

दुसऱ्या दिवशी आईच्या लक्षात काहीच नव्हतं. कपडे दोरीवर का, असं तिनं विचारलं. संध्याकाळी पान पुन्हा जास्त मांडलं. मी पुन्हा खरं सांगितलं.

असं बरेच दिवस चाललं. ती दर वेळी पहिल्यांदाच विधवा व्हायची. मला वाटायचं, एकदा तरी हिच्या डोक्यात राहील, मग सुटलो. शाळेत पाढे असेच पाठ होतात. आमचं पाणी उताराखालच्या झऱ्यावरून आणावं लागतं आणि होळीनंतर तो झरा करंगळीएवढा वाहतो. कळशी भरेपर्यंत बाईनं तिथं बसून राहायचं. बायको एक दिवस डोक्यावरची कळशी उतरवता उतरवता म्हणाली, "मामांना एकदाच मरू द्या की. माझी मान गेली त्यांच्या मरणानं."

"मग काय सांगू तिला?"

"मी काय सांगू? मास्तर तुम्ही."

पुढं मी तिला काय सांगितलं त्याबद्दल पाड्यावर माझं कौतुक झालं आहे. मास्तर आईशी किती समजुतीनं वागतो, असं बायाबापड्या म्हणायच्या. ते खरं नाही, म्हणून लिहितो. पौषातली सकाळ होती. शेकोटीजवळून उठवत नव्हतं. आई आली आणि म्हणाली, "तुझा बापूस कुठं हाय?" माझ्या डोळ्यांसमोर कळशीतलं पाणी आलं. मी म्हटलं, "खोडाळ्याच्या बाजाराला गेलेत." यात कळवळा वगैरे काही नव्हता. पाणी थंड होतं, एवढंच.

आई खाली बसली. हात शेकोटीवर धरले. "मीठ आणायला सांगितलंस नं?" तिनं विचारलं.

"सांगितलंय."

"आन सुकट?"

"सुकटपण."

ती दिवसभर कामात राहिली. पान जास्त मांडलं, पण संध्याकाळी ते झाकून ठेवलं. बाजाराला गेलेल्या माणसाला उशीर होतोच.

खोटं बोलणं सोपं असेल अशी माझी समजूत होती, कारण तोवर मी फार बोललो नव्हतो. बाजाराला गेलेल्या माणसानं काहीतरी आणावं लागतं. म्हणून मी खोडाळ्याच्या बाजारातून सुकट आणायचो आणि सांगायचो, बाबांनी पुढं पाठवून दिली, ते मागून येतायत. आई पुडी हुंगून बघायची. "वाळू हाय हिच्यात. त्याला कधी घेता येत नाय," म्हणायची, आणि खूश व्हायची. वाळू असलेली सुकट मी आणली होती, पण ऐकून घ्यायचं वडिलांनी. मी त्यांच्या बाजूनं बोलायचोही. म्हणायचो, गर्दी होती, घाईत घेतली असेल.

मग आई बदलली. हे मला शेवटपर्यंत नीट शिकता आलं नाही: तुम्हाला एक उपाय सापडतो, त्यावर तुम्ही समाधानानं टेकता, आणि तोवर ती त्याच्या पलीकडे गेलेली असते. 'बाजाराला गेलेत' हे आधी दिवसभर पुरायचं. मग दुपारपर्यंत पुरायला लागलं. मग ती म्हणायला लागली, "रोज रोज कसला बाजार? कोण ठेवलीय का तिकडं?" वडील हयात असताना त्यांच्यावर असा आळ कधी आला नव्हता. मी त्यांचं चारित्र्य सांभाळत बसलो. बैलाच्या पायाला लागलं, ओळखीच्या घरी मुक्काम केला, त्या घरात म्हातारी आहे फक्त. "कशी हाय म्हातारी?" आईनं विचारलं. "दात नाहीत," मी म्हटलं. तेव्हा ती जेवली.

बायकोला तर ती ओळखेनाशी झाली. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही बाई कोण ठेवलीस? कामाला बरी हाय. राहू दे." बायकोला मी ते सांगितलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून हे पहिलंच ऐकते. तिनं आईसाठी एक काम काढलं होतं. सुपात नागली आणि खडे द्यायची. आई दुपारभर खडे वेचायची. संध्याकाळी बायको ते खडे परत नागलीत मिसळून ठेवायची. खडे वेचताना आई कुणाचीच चौकशी करायची नाही.

पण खडे वेचताना तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. असं होईल हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एका दुपारी ती सूप खाली ठेवून मनगट उलटसुलट करून बघायला लागली.

"माझ्या बांगड्या?"

ती उठली आणि पडवीत जाऊन तिनं कळशी डोक्यावर ओतली. न सांगताच तिला कळलं होतं. तोंडानं मी काहीही सांगितलं असतं, पण हात उघडा होता. त्यानंतर रोज असंच व्हायला लागलं. सकाळी वडील बाजाराला जायचे आणि दुपारी तिच्या मनगटावर मरायचे.

मी जव्हारला गेलो. तिथं बाजारपेठेत एक मुसलमान मणियार बसायचा, म्हातारा, माझ्या वडिलांच्या ओळखीचा. आमच्या पाड्यांवर तो बांगड्यांची पेटी घेऊन फिरलेला. माझ्या बायकोच्या लग्नातला चुडा त्यानंच भरलेला. मी म्हटलं, चाचा, बांगड्या भरायच्यात.

"सूनबाईला?"

"आईला."

तो पेटीचं झाकण उघडत होता, तो थांबला. "मास्तर, तुमचे वालीद तर..."

"खोडाळ्याच्या बाजाराला गेलेत," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं. मग त्याला सगळं सांगितलं. घरच्या माणसांशी जे नीट बोललो नव्हतो ते त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून बोललो. तो ऐकत होता आणि फडक्यानं एकेक बांगडी पुसत होता.

"हात कसा आहे? भरलेला की सुकलेला?" त्यानं विचारलं.

"सुकलेला."

"गावानं मला विचारलं तर मी म्हणेन, मी हात बघतो. कपाळ बघायचं काम माझं नाही." मग म्हणाला, "तुम्हाला विचारलं तर काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही बघा."

तो स्वतः पोशेऱ्याला आला. तिच्यासमोर साध्या लाल बांगड्या काढल्या, तर आईनं त्या हातानं बाजूला केल्या आणि हिरव्यांवर बोट ठेवलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी बाहेर आंब्याकडे बघितलं. त्यानं हिरव्या भरल्या. भरून झाल्यावर बायका मणियाराला वाकून नमस्कार करतात, तसा आईनं केला. त्याला त्याची सवय असणार, पण त्या दिवशी त्यानं घाईनं पेटी आवरली.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. आईनं मनगट पाहिलं की तिला कळायचं, आपला माणूस आहे, येईल. वडील मजेत बाजारात होते. चूल रोज पेटत होती. आई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात दाखवायची. त्यातच सगळं आलं. पाड्यावर दारात बसून दाखवलेली गोष्ट खोडाळ्यापर्यंत जायला फार वेळ लागत नाही.

काका आले. पडवीत बसले, तंबाखू मळली, आईकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं.

"वहिनीचा पाट लावलास म्हणतात," ते म्हणाले. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात ते चालतं, त्यामुळे विनोद अगदीच बिनबुडाचा नव्हता. "आम्हाला जेवायला नाय बोलावलंस. बरं, नवरा कोण तेवढं तरी सांग. उद्या वाटेत भेटला तर राम राम कराय पायजे नं?"

"काका, तिला बरं वाटतं त्यानं."

"तिला बरं वाटतं. आन दादाला? बायकोनं चुडा भरला, तो कुणाच्या नावानं?"

"त्यांच्याच."

काकांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. "हे तुला ठावं," मग म्हणाले. "लोकांना कसं ठावं?"

ते वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नवऱ्यामुलाकडची माणसं मोखाड्याकडची, नव्या नात्याची. हळदीला सवाष्णी लागतात. लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरीसुद्धा सवाष्ण लागते. ढोल वाजला की आई कुठंही असली तरी उठून चालायला लागायची. तिला घरात कोंडून ठेवणं शक्य नव्हतं. हातात हिरवा चुडा घालून ती हळदीच्या बायकांत जाऊन बसली असती, आणि नवरीला पहिलं बोट विधवेचं लागलं असतं. पुढं त्या पोरीच्या संसारात काहीही बिनसलं असतं, तर त्या बोटाचं नाव निघालं असतं.

"लग्नापुरत्या काढ," काका म्हणाले. "मग परत भर. मी काय बोलणार नाय. नायतरी तिच्या ध्यानात कुठं राहतंय?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, हायसं वाटलं. तिच्या विसरण्यावर माझा पुरता भरवसा बसला होता. इतकी वर्षं ते विसरणं मला छळत होतं. आता कामाला येईल, असा हिशेब मी केला.

सकाळची वेळ होती. मी मोहट्याचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल घेऊन आईजवळ बसलो. हात सुकल्यामुळे बांगड्या तेलानं अलगद निघाल्या असत्या. आईनं हात आपण होऊन पुढं केला. तिला वाटलं मणियार आलाय. "जरा घट्ट भर," ती म्हणाली. "या निसटतात."

एक निघाली, दुसरी निघाली. तिसऱ्या वेळी तिनं हाताकडे नीट पाहिलं आणि मूठ आवळली.

"काढतोस का?"

मी उत्तरं तयार ठेवली होती. नव्या भरायच्यात. धुवायच्यात. बाबा बाजारातून दुसऱ्या आणतायत. यातलं काहीही तिला चाललं असतं. पण काका कुडापाशी येऊन उभे होते, काम होतंय ना ते बघायला. त्यांच्या मागं त्यांच्या घरची माणसं होती. आणि मी मास्तर होतो. मी मोठ्यानं, स्पष्ट म्हणालो, "आये, बाबा गेले. तू सवाष्ण नाहीस."

हे वाक्य मी आईला म्हटलं नव्हतं. ते भावकीनं ऐकावं म्हणून म्हटलं होतं. आईला ते फक्त लागलं.

तिनं मूठ सोडली. उरलेल्या बांगड्या तिनं स्वतःच कुडाच्या दगडी जोत्यावर आपटून फोडल्या. काचेनं मनगटाला थोडं खरचटलं. मग ती पडवीत गेली. कळशी रिकामी होती. बायको झऱ्यावर गेली होती, म्हणून ती तिथंच कळशीजवळ बसून राहिली, पाणी येईपर्यंत.

लग्न चांगलं झालं. ढोल वाजला तेव्हा आम्ही तिच्याकडे बघत होतो. ती उठली नाही. सुपातले खडे वेचत बसली.

नवरी सासरी गेल्यावर मी मणियाराला बोलावून आणलं. आईनं हात पदराखाली घेतला. "विधवा बाईला बांगड्या भरतोस?" ती त्याला म्हणाली. "तुला समजत नाय, एवढं वय झालं तुझं?" त्यानं माझ्याकडे बघितलं. यावेळीही मी आंब्याकडे बघितलं. तो पेटी न उघडता परत गेला.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून बाजारातून सुकट आणली. म्हटलं, बाबांनी पाठवलीय. तिनं पुडी घेतली, हुंगली, आणि माझ्या हातात परत दिली.

"गेलेला माणूस सुकट पाठवतो व्हय रे?"

एवढ्या वेळा सांगून जे तिच्या डोक्यात राहिलं नाही ते यावेळी राहिलं. सून राहिली नाही, मुलगा कधी राहायचा कधी नाही, ऋतू राहिले नाहीत, जेवण झालं की नाही हे राहिलं नाही. हे मात्र राहिलं. कारण मला ठाऊक नाही. दुखणं तसंही त्याच वाटेनं जाणार होतं, असं जव्हारचे डॉक्टर म्हणाले. म्हणाले असतील. त्यानंतर ती पान जास्त मांडायची नाही. स्वतःचंही मांडायचं विसरायची, आणि आम्ही मांडलं तर त्यातलं निम्मं ठेवून उठायची.

मग पुन्हा ती बदलली, आणि हे बदलणं शेवटचं ठरलं. मी शाळेतून आलो की ती दारातच उभी असायची.

"तुला कुणी सांगितलं नाय वाटतं," ती म्हणायची.

"काय, आये?"

"तुझा बापूस गेला."

"कवा?"

"आज सकाळी. बाजाराला गेला व्हता खोडाळ्याच्या. तिकडंच गेला."

माझं खोटं आणि माझं खरं तिनं असं एका गाठीत बांधलं होतं. ते सोडवून दाखवायची माझी छाती झाली नाही. ती माझा चेहरा निरखून बघायची, आपण वाईट बातमी दिलेल्या माणसाचा बघतो तसा. आणि विचारायची, "तू व्हतास नं त्याच्याजवळ?"

जो प्रश्न तिनं वडील गेले त्या दिवशी विचारला नव्हता, तो हा. पहिल्यांदा विचारला तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ती वाट बघत राहिली. बापाजवळ कुणी होतं की नाही हे कळल्याशिवाय ती दारातून हलेना. सुपाकडे जाईना. जेवणही घेईना. त्या दिवशी ती काही न खाताच निजली.

दुसऱ्या दिवशी मी आलो, तर ती दारात.

"तू व्हतास नं त्याच्याजवळ?"

"व्हतो, आये."

"पाणी दिलंस तोंडात?"

"दिलं."

"मग बरं," ती म्हणाली. "एकटा नाय गेला." आणि बाजूला होऊन मला आत घेतलं. "जा. पाणी घे डोक्यावरनं."

मी रोज घेतलं. पुढच्या भातकापणीपर्यंत, म्हणजे ती होती तोवर, शाळा सुटली की घरी यायचं, बातमी ऐकायची, कवा म्हणून विचारायचं, जवळ होतो म्हणून सांगायचं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पडवीत उभं राहायचं. तांब्या ती स्वतः हातात द्यायची. शाळेचा सदरा रोज ओला व्हायचा, म्हणून बायकोनं दुसरा शिवून घेतला. पाण्याबद्दल ती आता काही बोलायची नाही. मी यायच्या आधी कळशी भरून ठेवलेली असायची. थंडी पडल्यावर आईची पाठ वळली की बायको कळशीत थोडं कढत ओतायची. अशा आंघोळीला कढत पाणी चालत नाही. मी तिला म्हणायचो, थंडच राहू दे. ती ऐकायची नाही.